डावीकडची खरखर

टायर जरासा रुंद घेतला तर गाडी उंच कशी होईल, हेच शेषरावांना कळेना. टायरवाला अन्वर म्हणाला, होते. टायरवरचा दुसरा आकडा उंचीचा, पण ती उंची रुंदीच्या हिशेबानं धरतात, म्हणून रुंदी वाढली की उंचीही थोडी वाढते. किती वाढते म्हणून विचारलं तर त्यानं स्वतःच्या करंगळीचं नख दाखवलं. शेषरावांनी समजल्यासारखी मान हलवली. समजलं काहीच नव्हतं. पण नखभर का होईना, गाडी वर उचलली जाणार एवढं त्यांना पुरे होतं.

गाडी त्यांच्या मुलाची, शिवमची. लाल, दोन दारांची, बुटकी, शर्यतीत पळवतात तसली. पुण्यात कुणाकडून तरी जुनी घेतलेली. तिच्यात बसायचं म्हणजे शेषरावांना पंगतीला मांडी घालून बसल्यासारखं वाटायचं. असली गाडी शहाण्या माणसानं का घ्यावी, हा वेगळाच प्रश्न.

बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या सालानंतर शिवम गावात आला नव्हता. नांदुऱ्यापर्यंत यायचा, आत्याकडे, म्हणजे बेबीताईकडे उतरायचा, बापाला तिथंच बोलावून घ्यायचा आणि भेटून परत जायचा. कारण विचारलं की म्हणायचा, फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता खराब आहे, गाडीचा तळ घासतो. शेषराव म्हणाले, मग गाडी आत्याच्या दारात ठेव, आपण ॲटोनं जाऊ. तर म्हणे, गाडी एकटी सोडता येत नाही. आणि आता तीच गाडी एकटी सोडून, किल्ली आत्याच्या घरी खुंटीला अडकवून, हा पठ्ठ्या मित्राच्या लग्नाला रेल्वेनं अकोल्याला गेला होता. ह्याचा मेळ शेषरावांना काही केल्या लागेना. मेळ लागला नाही की माणूस हाताशी येईल ते दुरुस्त करत सुटतो. शेषरावांनी टायर बदलायला घेतले.

अन्वर त्यांच्या जुन्या ओळखीचा. काळ्या मातीत रुतून बसणाऱ्या कापसाच्या ट्रॉलीला त्यानंच रुंद टायर चढवून दिले होते आणि ट्रॉली तेव्हापासून रुतली नव्हती. ट्रॉलीचं भलं झालं ते गाडीचं का होऊ नये, असा शेषरावांचा सरळ विचार. अन्वरनं दोनदा सांगून पाहिलं की एवढ्याशा उंचीनं फरक पडायचा नाही, पण शेषराव खुर्चीवरून हलले नाहीत. शेवटी त्यानं जॅक लावला.

नवे टायर चढले, दिसायलाही झोकदार दिसले. मग अन्वरनं गाडी दुकानासमोर फिरवली आणि स्टिअरिंग पूर्ण डावीकडे दाबलं, तशी आतून खरखर ऐकू आली. उजवीकडे काही नाही, सरळ काही नाही, फक्त डावीकडे. अन्वर खाली वाकला, शेषराव खाली वाकले, शेजारचा चहावालाही येऊन वाकला. एका बाजूलाच का घासावं हे तिघांनाही उमगेना. गाडी कधीतरी ठोकली असेल, असं अन्वरनं भीतभीतच म्हटलं.

शेषरावांना मात्र उपाय दिसला. कपाशीच्या ओळी रुंद धरल्या की ट्रॅक्टरच्या चाकांची मधली लोखंडी डिस्क उलटी करून बसवतात, म्हणजे चाकं बाहेर सरकतात आणि ओळीच्या मधून नीट चालतात. हिचीही डिस्क उलटी कर, असं त्यांनी फर्मावलं. अन्वर म्हणाला, ट्रॅक्टरची डिस्क त्यासाठीच घडवलेली असते, हिची नाही. शेषराव ऐकेनात. मग अन्वरनं एक चाक काढलं, उलटं धरलं आणि ते कुठंच बसत नाही हे त्यांना हातानं चाचपू दिलं. शेषराव ओशाळले आणि थोडे चिडलेही. जी वस्तू उलटी-सुलटी करता येत नाही तिच्यावर शेतकऱ्यानं भरवसा ठेवावा तरी कसा?

चाकाच्या वरच्या कमानीतलं प्लास्टिकचं आवरण गरम करून अन्वरनं आत दाबलं. खरखर कमी झाली, पण गेली नाही.

"सरळ चालवा, मोकळं जाईन," तो म्हणाला. "पुरं डावीकडं दाबलं की जरासं बोलन."

दुसऱ्या दिवशी शिवम अकोल्याहून परतला तेव्हा शेषराव बेबीताईच्या ओट्यावर वाटच पाहत होते. त्यांनी टायर दाखवले, आकडे चुकत-माकत सांगितले, करंगळीचं नखही दाखवलं. आता तळ घासणार नाही, आता चल गावाला. त्यांना वाटलं होतं पोरगा रागावेल, नाहीतर हसेल तरी. तो दोन्हीपैकी काहीच करेना. टायरकडे पाहत राहिला आणि मग ओट्यावर बापाशेजारी बसला.

"गाडीचं काही नव्हतं, बाबा," तो म्हणाला.

शेषराव गोंधळले. गाडीचं नव्हतं तर मग कशाचं? तेव्हा शिवमनं खाली मान घालून सांगितलं. त्या साली तो बियाण्याच्या कंपनीत होता. कंपनीची टोपी घालून मारुतीच्या पारावर उभं राहून त्यानंच अख्ख्या गावाला सांगितलं होतं की अळी ह्या कपाशीला शिवणार नाही. अळी ह्या वाणाला सरावू नये म्हणून बियाण्याच्या पिशवीसोबत कडेनं पेरायला साध्या कपाशीची जी लहान पुडी येते, ती फेकली तरी चालते, हेही त्यानंच हसत हसत सांगितलं होतं. लोकांनी ऐकलं. बोंडं उकलली तेव्हा आत कापूस नव्हता.

"लोकायच्या तोंडाकडं पाहवत नाही मले. कोणी काही बोलते का हो माह्याबद्दल?"

शेषरावांच्या तोंडावर 'नाही' आलं होतं. तेवढं म्हणून टाकलं असतं तर पोराचा जीव हलका झाला असता. पण त्यांना खोटं जमेना. जे होतं तेच बाहेर आलं.

"बोलतात. फाट्यावरचा सहदेव तं तोंडावर बोलते. मी रोज आयकतो, आन् तिथंच राह्यतो."

 शिवमनं उठून खुंटीवरची किल्ली काढली. तो पुण्याला निघाला की काय, हे शेषरावांना समजेना. विचारायचा धीरही होईना. ते गाडीतल्या त्या पंगतीतल्यासारख्या जागेवर जाऊन बसले.

गाडी गावाच्या फाट्यावर येऊन थांबली. रस्ता इथं एकदम डावीकडे वळतो, आणि कोपऱ्यावरच्या पानटपरीपाशी सहदेव बसला होता. शिवमचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले.

"पुरं डावीकडं दाबा लागते इथं," तो म्हणाला. "घासन, बाबा."

"घासू दे."

त्यानं दाबलं. चाकाजवळ खरखर झाली, चांगली मोठ्यानं, आणि सहदेवानं मान वर करून पाहिलं. शिवमनं काच खाली केली, त्याला नमस्कार केला आणि गाडी पुढे घेतली. पहिल्याच खड्ड्यात तळ दणकून घासला, जुन्या टायरवर घासला असता अगदी तसाच. शेषरावांनी चोरून पोराकडे पाहिलं. त्यानं गाडी थांबवली नाही.