राखाडी ड्रेस

"किती दिवस जातोय आपण?" आईने दारातूनच विचारलं.

"दोनच रात्री."

"मला वाटलं, घर बदलताय."

पलंगावर ठकीच्या कपड्यांचे अकरा जोड, तीन टोप्या, तापाचं औषध, तापमापक आणि तो बिघडलाच तर म्हणून दुसरा तापमापक होता. ठकी म्हणजे माझी दहा महिन्यांची मुलगी. माझ्या हातात नवऱ्याच्या कंपनीने पाठवलेला कागद होता. रिसॉर्टवर काय आणावं आणि काय घालावं, याचा. दिवसा फिकट रंगाचे सुती कपडे. पोहण्यासाठी पोहण्याचेच कपडे. रात्रीच्या जेवणाला औपचारिक पोशाख. रबरी चपला जेवणाच्या दालनात चालणार नाहीत. परीक्षेच्या आदल्या दिवशी नोट्स वाचाव्यात तसा मी तो चारदा वाचला होता. नवऱ्याला नुकतीच बढती मिळाली होती आणि तिथे सगळे साहेबलोक सहकुटुंब येणार होते. आपल्या हातून काहीतरी चुकणार, याची मला खात्री होती. फक्त काय, ते ठरायचं होतं.

आईला मी "तुलाही बदल होईल" असं सांगून नेत होते. खरं तर ठकी तिच्याशिवाय कोणाच्या खांद्यावर झोपत नव्हती.

आईने पिशवीतून ड्रेस काढून माझ्यासमोर धरला. पिवळ्या जमिनीवर तळहाताएवढी लाल फुलं. पायघोळ, बाह्यांना चुण्या. चार रविवार बसून तिने तो स्वतःसाठी शिवला होता.

"कसा आहे?"

"छान आहे," मी म्हणाले.

आई कपडे धुवून देणाऱ्या एका दुकानात बसते. काउंटरच्या बाजूला काचेचा एक कोपरा आहे. तिथे मशीन, एक दिवा आणि ती. एकतीस वर्षं ती लोकांच्या पँटी आखूड करते, चेन बदलते, कंबर सैल करते. भारी कपडे तिने आतून पाहिलेले आहेत. "वरून झगमग, आत सगळे दोरे लोंबकळताहेत," असं ती कपड्यांबद्दल म्हणते आणि कधीकधी माणसांबद्दलही. माझं शाळा-कॉलेज त्या कोपऱ्यातूनच झालं. पण स्वतःसाठी नवीन कापड घेऊन शिवलेलं मी तिला पहिल्यांदाच पाहत होते.

ती ठकीला आंघोळ घालत असताना मी तिची बॅग उघडली. फुलांचा ड्रेस काढून माझ्या कपाटात खाली सरकवला आणि त्या जागी मी तिच्यासाठी आणलेला राखाडी ड्रेस ठेवला. साधा, बंद गळ्याचा, महागातला. मी स्वतःला सांगितलं, हा तिला जास्त शोभेल. तिच्याकडे पाहून कोणी हसायला नको.

रिसॉर्टच्या खोलीत पोचल्यावर आईने बॅग उघडली. वरचे कपडे बाजूला केले, क्षणभर आत पाहत राहिली.

"माझा तो ड्रेस घरी राहिला वाटतं," ती म्हणाली.

"राहिला असेल," मी म्हणाले. "हा घाल ना. किती छान दिसशील."

तिने तो घातला. हिरवळीवर गेलो, तेव्हा मला माझी करामत दिसली. साहेबलोकांच्या पाचसहा मुलांमागे सांभाळणाऱ्या बाया फिरत होत्या. सगळ्यांच्या अंगात साधे, बंद गळ्याचे, राखाडी कपडे. रिसॉर्टनेच दिलेले. आणि तलावाकाठच्या खुर्च्यांवर ज्या बायका बसल्या होत्या, त्यांच्या अंगावर ही एवढाली फुलं होती. पिवळी, लाल, जांभळी.

आईनेही पाहिलं. ठकीची टोपी सारखी केली.

रात्री जेवणाच्या दालनाबाहेर, हात धुवायच्या जागी, मोठ्या साहेबांची बायको एका हाताने भिंत धरून उभी होती. चपलेची टाच अडकून तिच्या गाऊनची कड हातभर उसवली होती. आईने निजलेल्या ठकीला माझ्याकडे दिलं. पर्समधून सुयांची डबी काढली आणि ती सरळ फरशीवर गुडघे टेकून बसली.

"हलू नका हं," ती म्हणाली, आणि चार टाचण्या ओठांत धरल्या.

साहेबांची बायको वरून पाहत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "किती सफाईने करतात हो तुमच्या बाई. आमची तर बटणसुद्धा लावत नाही. केव्हापासून आहेत तुमच्याकडे?"

माझी आई आहे. एवढंच म्हणायचं होतं. बाई वाईट नव्हती, खजील होऊन हसली असती आणि विषय संपला असता. मी ते सगळं एका क्षणात पाहिलं.

"पहिल्यापासून आहेत," मी म्हणाले.

आईचा हात थांबला नाही. टाका, टाका, टाका. ओठांत टाचण्या असल्यामुळे तिला काही बोलता आलं नसतं, हे मी तेव्हाही स्वतःला सांगितलं. मग तिने दोरा तोडला, टाचण्या डबीत टाकल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

"झालं, मॅडम. चालून बघा."

मग माझ्याकडे वळून तिने दोन्ही हात पुढे केले.

"द्या ताई, बाळाला मी घेते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नाश्त्याला निघालो तेव्हा आई खोलीत नव्हती. बायांसाठी मागे वेगळी खोली होती, तिथे तिचं खाणं उरकलं होतं.

"आई आपल्याबरोबर का नाही बसल्या?" नवऱ्याने विचारलं.

"तिला तिकडेच मोकळं वाटतं," मी म्हणाले. एकदा उसवलं की पुढे हाताने ओढावं लागत नाही.

दुपारी तिला एकटीला गाठलं. "आई, काल रात्री मी..."

"तिकडचा चहा चांगला होता," ती म्हणाली. "कडक. तुमच्याकडे नुसतं रंगीत पाणी देतात, मी पाहिलंय. पोरीला सावलीत घे."

परत आलो. तिला तिच्या दारात सोडलं. तिने ठकीचा पापा घेतला, आणि राखाडी ड्रेस धुवून, इस्त्री करून, दोन दिवसांत माझ्या घरी पाठवला.

तिसऱ्या दिवशी मी फुलांचा ड्रेस घेऊन, ठकीला कडेवर घेऊन, दुकानात गेले. काउंटरपाशी दोन गिऱ्हाइकं होती. काचेच्या कोपऱ्यात एक बाई कोट घालून उभी होती आणि आई तिच्या पायाशी बसून अस्तर टाचत होती. ओठांत टाचण्या.

"आई," मी म्हणाले. दुकानभर ऐकू जाईल असं.

गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं. आईने मान वर केली नाही. एक बोट उचललं. थांब.

मी थांबले. हातावर ड्रेस टाकून, नंबर यायची वाट पाहत थांबतात तशी. कोटवाली गेली, मग दुसरी आली, तीही गेली. तेव्हा आईने उरलेल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या.

"हा घरी राहिला नव्हता," मी म्हणाले. "मी काढून ठेवला होता."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"बॅग उघडली तेव्हापासून. मी घडी घालताना बाह्या आत घेते. ती घडी तुझी होती."

तिने ड्रेस माझ्या हातातून घेतला. सवयीने आधी उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला. मग सुलटा करून, बाह्या आत घेऊन, नीट घडी घातली आणि मशीनखालच्या खणात ठेवला.

मी पुढचं बोलायला तोंड उघडलं. ठकी खाली उतरायला चुळबुळ करत होती, म्हणून मी वाकले.

"खाली नको सोडूस तिला," आई म्हणाली. "इथे टाचण्या पडलेल्या असतात."

आणि तिने पुढच्या गिऱ्हाइकाची पँट पुढे ओढली.