वस्तीतली बंद घरं

"शुक्रवारच्या सुट्टीला तरी माणसाला स्वतःच्या घरात बनियनवर बसता यावं की नाही?"

गुरुदत्त हे श्यामलाच्या कानाशीच पुटपुटला. मस्कतच्या बौशर भागातल्या त्या फ्लॅटचं स्वयंपाकघर एवढंसं होतं, की दोघं आत शिरले की पुटपुटायला दुसरी जागा उरत नसे. ती चहा गाळत होती. नवऱ्याच्या अंगात कडक इस्त्रीचा शर्ट होता. जूनमध्ये नोकरी गेल्यापासून बनियनवर बसलेलं तिने त्याला पाहिलंच नव्हतं. रोज सकाळी तो नेहमीच्या वेळी गाडीची किल्ली घेऊन निघायचा आणि दुपारी घामेजून परत यायचा. कुठे जातो, हे तिने विचारलं नव्हतं. समुद्रावर बसत असावा.

"सगळे जातील सातपर्यंत," ती म्हणाली. "बशीत खारी काढा तेवढी."

"गाव त्यांचं आणि खारी माझी," म्हणत त्याने पुडा फोडला.

गाव म्हणजे 'वस्ती'. हा खेळ ओळखीतल्या निशांतने मागच्या वर्षी पुण्याहून आणला होता. पोरगा बँकेत कॉम्प्युटर सांभाळायचा, सडाफटिंग होता, आणि शुक्रवार त्याला खायला उठायचा. खेळात जिंकणं-हरणं नव्हतं. टेबलावर मोठा कागद पसरायचा, सगळ्यांनी मिळून त्यावर नदीकाठचं एक गाव काढायचं, आणि प्रत्येकाने गावातला एकेक माणूस व्हायचं. मग पाळीपाळीने आपल्या माणसाचं पुढे काय झालं ते सांगायचं, इतरांनी त्याला प्रश्न विचारायचे. टेबलावर एकदा बोललं गेलं की ते घडलं. मागे घेता येत नाही.

पहिल्यांदा चौघं जमले होते, ते भिडेखातर. सहा महिन्यांत शहरापलीकडच्या अल अमेरात भागात दुसरं टेबल सुरू झालं. गाला भागातल्या गॅरेजमधली कोकणातली मुलं जेवणानंतर आपल्या खोलीत पत्ते सोडून हेच खेळू लागली, आणि त्यांच्या गावात म्हणे भुतंही होती. देवळाबाहेर चपला घालताना बायका एकमेकींना विचारायच्या, "तुमच्या गावात जागा आहे का गं?" दिवसभर टेंडरं आणि इन्व्हॉइस करणारी माणसं संध्याकाळी नदीला पूर आला म्हणून खरोखर कासावीस व्हायची. श्यामला त्या गावात पाववाली होती. पीठ सांडायचं, पुसायचं नाही, पाव मात्र नेहमी फुगलेला. आठवड्यातला तेवढाच वेळ तिला कुणी काही लपवायला सांगत नसे.

एकच भानगड होती. खेळाचा नियम असा, की गाव सोडून कुणी चाललं तर सगळ्या टेबलाने त्याला निरोप द्यायचा. तो कुठे जातो, घर कुणाला देतो, काय मागे ठेवतो, सगळं सांगायचं. मगच ते घर मोकळं होतं. आपल्या लोकांना हे जमेना. मस्कत कायमचं सोडताना इथे कुणी तसं म्हणतच नाही. गाडी विकतात, गाद्या वाटून टाकतात, कुंड्या शेजारणीला देतात आणि विमानतळावर म्हणतात, "येतो सुट्टीवर जाऊन." पोचवायला आलेलेही म्हणतात, "या लवकर." त्यांच्या टेबलावरचा स्वरूप गेला तो असाच. मग त्याचा गावातला दिवेवालाही सुट्टीवर गेला. तेलाचे भाव पडून नोकऱ्या जायला लागल्यापासून तर असे पुष्कळ गेले. आता वस्तीतली अर्धी घरं कुलूपबंद होती, आणि दाराशी नवी माणसं उभी होती.

तीस ऑक्टोबरची तीन तिकिटं कपाटात होती. परतीची नव्हती. "दिवाळीला जातोय असंच सांग उत्तराला," गुरुदत्त म्हणाला होता. "तोवर इन्शाल्ला काहीतरी होईल." त्यांची लेक उत्तरा अकरावीत होती आणि जन्मापासून इथेच. मैत्रिणींना भेटल्याशिवाय, आपल्या शाळेकडे एकदा शेवटचं बघितल्याशिवाय पोरीला इथून उचलून न्यायचं, हे श्यामलाच्या घशाखाली उतरत नव्हतं. पण तिने नवऱ्याला शब्द दिला होता. शब्द पाळून पाळून ती इतकी थकली होती, की हल्ली चहात साखर घातली की नाही हेही आठवत नसे.

"वैनी, चायत साखर नाय हा," बाळकृष्ण बाहेरून ओरडला. तो गालाच्या त्याच गॅरेजमध्ये गाड्यांचे डेंट काढायचा. गॅरेजचं टेबल सोडून इकडेही यायचा, कारण इथे खारी मिळत असे. खेळात तो होडीवाला होता.

"घालून घ्या हो, डबा तिथेच आहे," ती हॉलमध्ये येत म्हणाली.

खेळायला आलेली वसुंधरा सोफ्याच्या हातावर बोटं फिरवत होती. "कुठून घेतलेला गं हा? नाही, सहजच." मागच्या शुक्रवारी तिने सहजच फ्रीज किती लिटरचा ते विचारलं होतं. म्हणजे कळलं होतं हिला. हिला कळलं म्हणजे मस्कतला कळलं होतं. फक्त घरात कुणी बोलत नव्हतं.

निशांतने कागद पसरला. "आज एक काम करू या. अल अमेरातची दोन कुटुंबं येतो म्हणतायत, आणि गावात एक घर रिकामं नाही. जुन्यांना निरोप द्यावा लागणार. दिवेवाल्यापासून सुरुवात करू."

"अरे, स्वरूप येणार आहे की," वसुंधरा म्हणाली. "सुट्टीवर आहे तो."

"मावशी, वर्ष झालं."

"तो येतलो," बाळकृष्ण म्हणाला. "आणि माझो होडीवालो तेका पलीकडे न्हेवचो नाय. आज वारो उलटो आसा."

सगळे हसले. निशांतने पेन्सिल टेबलावर फिरवली. कुणी तिला हात लावेना.

"मी सांगते," श्यामला म्हणाली. आपण का बोललो ते तिलाच कळलं नाही. बहुधा त्या टाळाटाळीचाच कंटाळा आला होता. "दिवेवाल्याचं काम गेलं. गावात तेलच येईना, तर दिवे कसले लावणार? त्याने घराला कुलूप लावलं. कुणाला काही बोलला नाही. माझ्याकडून दोन पाव घेतले आणि म्हणाला, जरा जाऊन येतो."

"काकू, त्याला प्रश्न विचारू?" निशांतने टेबलाभोवती पाहिलं.

उत्तरा खाली गालिच्यावर बसली होती, गुडघ्यावर हनुवटी टेकून. गावातली विहीर तिच्याकडे होती. मराठीत बोलायचं म्हटलं की तिची वाक्यं पायरी चुकल्यासारखी थबकत.

"त्याला... डॉटर होती ना? त्यानं तिला सांगितलं होतं?"

श्यामलाने तिच्याकडे पाहिलं. पोर कागदाकडेच बघत होती.

"नाही."

"का?"

"त्याला वाटलं, तोंडाने म्हटलं नाही तर ते होणारच नाही."

"पण तिला माहीत होतं," उत्तरा म्हणाली. "तो मॉर्निंगला दिवे घेऊन जायचा, आणि दिवे कुठे लावायचेच नसायचे. शी नोज. तिला पण कुणाला विचारता येत नव्हतं. कारण... सगळे ॲक्टिंग करत होते. मग तिने पण केली."

वसुंधराचा हात सोफ्यावरून खाली आला. बाळकृष्णाने खारी चहात बुडवली ती तशीच धरून ठेवली, आणि ती तुटून कपात पडली. खेळ चाललाय की काय चाललंय, हे कुणालाच उमजेना.

"मग काय केलं त्या मुलीनं?" निशांतने अगदी हळू विचारलं. नियमाप्रमाणे कुणीतरी विचारायला हवंच होतं.

"वाट बघितली. बाबा सांगेल म्हणून."

दारात काहीतरी वाजलं. गुरुदत्त चहाचा दुसरा ट्रे घेऊन उभा होता आणि ट्रेची कड चौकटीला लागली होती. तो कधीपासून उभा होता कोण जाणे. त्याने कधी या टेबलाला हात लावला नव्हता. रिकामटेकड्यांचा धंदा म्हणायचा. आता मात्र तो वाकून जागा शोधत होता, पण कागदाने सगळं टेबल व्यापलं होतं.

"अहो, द्या इकडे," श्यामला उठली.

त्याने ट्रे तिच्या हातात दिला. हात मोकळे झाल्यावर त्यांचं काय करायचं ते त्याला कळेना. खिशात घातले, पुन्हा काढले. मग तो लेकीसमोर, इस्त्रीच्या पँटचा विचार न करता, गालिच्यावर खाली बसला.

"बाबा, इट्स ओके," उत्तरा म्हणाली. "गेम आहे."

"नाही गं." तो म्हणाला. "उत्तरा, माझी नोकरी गेली. जूनमध्येच गेली. तीस तारखेला आपण जातोय, ते परत यायला नाही."