करडीचं दूध

पुडीचा कोपरा दातांनी फाडलेला होता आणि त्या फटीतून शेंगदाण्याच्या लगद्याचा एकच तपकिरी थेंब वर येऊन थांबला होता… सकाळपासून तेवढाच, ना पुढे ना मागे. त्याच्यावर बसलेली माशीसुद्धा कंटाळून उडून गेली होती. पुडी थोआनच्या नातीच्या, न्याकुआरच्या मुठीत. नात ताडपत्रीच्या सावलीत. आणि सावलीबाहेर, युद्धातून पळून या दलदलीतल्या बेटावर येऊन पडलेली सगळी माणसं विमानातून ज्वारीची पोती पडायची वाट बघत आभाळाकडे तोंड करून बसलेली.

"हे कोणाला खरं वाटणार नाही," थोआन म्हणाला, "आणि वाटूही नये, कारण मला स्वतःला अजून वाटत नाहीये."

पलीकडे कमळाची बोंडं कुटत बसलेली न्याजाल मान वर न करता म्हणाली, "झालं सुरू! आजोबा, परवाची मगर हाताएवढी होती, काल होडीएवढी झाली. आज तिला पंख फुटले की सांगा, विमान म्हणून आम्ही तिच्याखालीच पोती झेलायला पळू."

"तू कुट गं. तुला कोण सांगतंय?"

दोन बायका हसल्या. न्याकुआर हसली नाही. एरवी ही पोर थोआनच्या थापांना त्याच्या आधी हसायची, पुढे काय येणार ते ओठांवर घोळवत. आता तिचे डोळे तेवढे मोठे झाले होते, बाकी सगळी पोर आकसत चालली होती. राजधानी जुबाहून आलेल्या नर्सनं सकाळी तिच्या दंडाला मापाची रंगीत पट्टी गुंडाळली, पट्टी धोक्याच्या लाल रंगावर थांबली, आणि नर्सनं चटईचा कोपरा उचलून बघितला. खाली तिनंच रोज खायला दिलेल्या पुड्या. एकेक कोपरा चाटलेल्या, दुमडून ठेवलेल्या.

"बाबासाठी," न्याकुआर म्हणाली. "त्यालापण भूक लागली असेल."

नर्स थोआनला बाजूला घेऊन म्हणाली, "आजोबा, हिनं आज खायलाच हवं. उद्यावर ढकलू नका." तिनं त्या पुड्या मात्र नेल्या नाहीत, आणि त्यासाठी थोआनला ती बाई आवडली.

बाबासाठी… गातकेकनं, थोआनच्या मुलानं, आजोबा-नातीला प्लास्टिकच्या कापडावर बसवून, स्वतः गळ्यापर्यंत पाण्यात, ते कापड ढकलत या बेटावर आणलं होतं. मग ओल्या अंगानं तसाच मागे फिरला. करडी राहिली होती, त्याच्या बायकोच्या लग्नातली गाय. बायको गेली तरी गाय होती. "घेऊन येतो," म्हणाला, गाय जणू पलीकडच्या झाडाखालीच बांधलीय. त्यानंतर आला तो त्यांच्या तळावरचा लाम. लाम थोआनशेजारी बसला, तंबाखू नसलेली चिलीम बराच वेळ ठासत राहिला आणि म्हणाला, "लव्हाळ्यात होता. गायपण तिथंच." थोआन रडला नाही, कारण पोर बघत होती. मग उशीर झाला. रडायची वेळ टळून गेली की माणूस कुठे जाऊन रडणार? बेट एवढंसं, सगळीकडे माणसं, प्रत्येकाचं कोणी ना कोणी लव्हाळ्यात…

सांगून टाकलं तर? पुड्या राखून ठेवायला कोणी उरणार नाही, म्हणजे खाईल. किंवा तोंडच उघडणार नाही, कधीच. जन्मभर गुरांच्या तळावर शेकोटीशी बसून त्यानं थापा मारल्या, आणि कोणी पकडला तर तो सगळ्यांच्या आधी हसला. एका थापेवर कोणाचा जीव अवलंबून असेल असं कधी झालं नव्हतं.

"तर तुझा बाप," तो म्हणाला, "उपाशी आहे असं तुला कोणी सांगितलं? अगं, तो इतका जाड झालाय की पाण्यात बुडत नाही!"

थेंब हलला. तिनं पुडी दाबली होती.

"करडी सापडली त्याला. तरंगत्या बेटावर उभी! आणि बेट आपलं चाललंय प्रवाहाबरोबर, गाय चरतेय, बेट लहान होतंय. तुझ्या बापानं उडी मारली, शेपूट धरलं, वर चढला. आता ती दोघं हिंडतायत दलदलीत, राजासारखी. सैनिक या काठाला आले की बेट त्या काठाला."

"मगर?" न्याकुआर म्हणाली.

"मगर बेट ढकलते. फुकट नाही हं, रोज एक भोपळा भरून दूध घेते."

न्याजालचं मुसळ थांबलं होतं. पोरीनं पुडी ओठांना लावली, गिळलं. थोआनला तिच्या गळ्यातून तो घास उतरताना दिसला आणि तो घाबरून भराभर बोलू लागला, जणू गोष्ट थांबली तर घास परत वर येईल… करडीचं दूध कसं घट्ट, त्यात काडी कशी उभी राहते; पहाटे गातकेक तिच्या कुशीला डोकं टेकून कसा बसतो, दोन गुडघ्यांत भोपळा धरतो, आचळं ओढताना गुणगुणतो; ओठावर फेसाची मिशी येते, ती तो जिभेनं पुसतो. हे सगळं थोआनला दिसत होतं. बनवावं लागत नव्हतं. राखेनं माखलेली ती पाठ, तो मानेवरचा केसांचा भोवरा, दुधाचा तो चुर्र चुर्र आवाज… पुडी अर्धी झाली होती. आणखी थोडं, पोरी, आणखी थोडं.

पुडी ओठांपासून खाली आली.

"आजोबा, बाबाच्या कपाळावर रेघा आहेत."

"आहेत की. तो पुरुष झाला म्हणून रेघा कापल्या, तेव्हा मीच धरलं होतं त्याचं डोकं."

"मग तो दूध कसं काढेल?" ती हळूच म्हणाली. "रेघा कापल्या की पुरुष आचळाला हात लावत नाही. बायका काढतात, नाहीतर लहान मुलं. तू खोटं सांगतोयस."

न्याजालनं मुसळ परत उचललं नाही. उत्तर होतं, एका श्वासात त्या बेटावर एखादं लहान पोर चढवता आलं असतं, लव्हाळ्यातून, मगरीच्या पाठीवरून, कुठूनही. पण ते पोर तिथं आधीपासूनच होतं. इतका वेळ थोआन त्यालाच बघत होता… कोरं कपाळ, फेसाची मिशी, रेघांच्या कितीतरी आधीचा गातकेक. मोठा झालेला गातकेक त्याला त्या बेटावर कुठेच दिसला नव्हता.

"सांग ना," न्याकुआर म्हणाली. "कोणी काढलं दूध?"