तिसऱ्या रंगाच्या आधी

सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला कुणी तयार नव्हतं. जमिनीखालची रेल्वे सुरू होऊन महिना झाला, तरी माणसं शेजारच्या दगडी पायऱ्या धापा टाकत चढायची आणि जिना आपला एकटाच फिरायचा. म्हणून रेल्वेच्या साहेबांनी एका चित्रकर्तीला पोस्टर करायला सांगितलं. त्यानंही माणसं चढली नाहीत, तर पुढची सगळी पोस्टरं साहेबांच्या मेहुण्याकडे जाणार होती.

तिनं दोनच गोष्टी काढल्या. तांबडी तिरकी पट्टी, तिच्यावर एक काळा बूट.

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बाई, यंत्र कुठाय? सूचना कुठायत? हसरं कुटुंब?"

ज्यांना चित्रातलं ओ की ठो कळत नाही, नेमके तेच चित्र पास करायला बसलेले असतात. तिनं दातओठ खात निळ्या रंगात अकरा ओळींची सूचना आणि दात विचकणारी चार माणसं घातली.

छापखाना तिच्या मामाचा. एक रंग छापायचा, वाळवायचा, मग दुसरा. तांबडा झाला, काळा झाला. निळा चढायचा होता, म्हणून कागद दोरीवर घालून मामा जेवायला गेला. तेवढ्यात रेल्वेचा पोस्टर लावणारा आला आणि गठ्ठा उचलून चालता झाला.

मामाचा फोन येताच ती धावत स्टेशनात पोचली. भिंतीवरची खळ अजून ओली होती.

"अरे शहाण्या, अर्धवट कागद लावलेस!"

"अर्धवट? काय कमी आहे, ताई?"

ती दोन पावलं मागे सरून पोस्टर न्याहाळू लागली.

दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली एक आजी पोस्टरसमोर थांबली. तिनं त्या बुटाकडे पाहिलं, आपल्या चपलेकडे पाहिलं आणि टाकलं पाऊल.

"अगं बाई! हा तर नेतोय की मला!"

आजी गेली म्हटल्यावर मागच्या धडधाकट पुरुषांना लाज वाटली. तेही चढले. बघता बघता रांग लागली.

साहेब आले ते घाम पुसत, दगडी पायऱ्या उतरून. "माझ्या अकरा ओळी कुठायत?"

"साहेब, तुम्ही स्वतः जिन्यावर चढलात का कधी?"

तिनं सरळ त्यांचा दंड धरला आणि त्यांना जिन्यावर उभं केलं. त्यांनी डोळे मिटले ते वर पोचल्यावरच उघडले.

"हं," ते कोट झटकत म्हणाले. "पुढचं पोस्टर आपोआप मिटणाऱ्या दारांचं. किती रंग लागतील?"

"दोन. आणि ओळी शून्य."