मधल्या खुर्चीचा निकाल

पेशंटच्या तोंडात आरसा घालायच्या आधीच डॉक्टरांना दातातली कीड ऐकू येते, अशी त्यांची ख्याती होती. ख्याती पसरवायचं काम अर्थात डॉक्टरच करत.

तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत त्यांचे दोन स्पीकर होते आणि समोर बरोबर मध्ये एक खुर्ची. केर काढताना ती सूतभर सरकली की दिवसभर घरात अबोला.

आता त्यांनी दुकानातून आठवड्याच्या बोलीवर नवा सीडी प्लेअर आणला होता. जुन्यात खोट काहीच नव्हती. नव्याचं वजन मात्र तिप्पट होतं. तो राहिला की खोली कायमची त्याची. आणि शुक्रवारी डॉक्टरांच्या बायकोची, म्हणजे बाईंची, आई गुडघ्याचं ऑपरेशन करून यायची होती. जिना तिला वर्ज्य.

"अहो, आईचा पलंग कुठे टाकू?"

"परीक्षा घेऊ. पडद्याआड कोणता वाजतोय ते मला कळलं नाही, तर नवा परत आणि खोली तुझ्या आईची. शब्द दिला!"

रविवारी परीक्षक आले, डॉक्टरांचेच दोन कानसेन मित्र, घड्याळजी आणि प्रोफेसर.

"पडद्यामागे वहिनीच बसतील," घड्याळजी म्हणाले. "त्यांना खोटं बोलता येत नाही. तेवढा एक दोष सोडला तर बाई सोन्यासारखी."

मग त्यांनी अँप्लिफायरवरचे सगळे दिवे आणि आकडे काळ्या चिकटपट्टीने झाकले. दिव्यांनी म्हणे आवाज गढूळ होतो. दोन्ही प्लेअरमध्ये एकच गाणं एकदम सुरू करायचं आणि खूण झाली की बाईंनी खटका फिरवायचा, एवढंच काम.

खट्.

"अहाहा!" डॉक्टरांनी डोळे मिटले. "हा नवा. सुरासुरांमध्ये वारा खेळतोय."

खट्.

"हा जुना," प्रोफेसरांनी नाक मुरडलं. "शिळा."

सहा वेळा खट् झालं, सहाही वेळा तिघांचं एकमत. आईचा पलंग बाईंच्या डोळ्यांसमोरून जिना चढू लागला. मान खाली घालून त्यांनी चिकटपट्टी सोडवली आणि हात तिथेच थांबला. त्यांनी फिरवला होता तो शेजारचा, टेपवर काय उतरवायचं एवढंच ठरवणारा खटका. प्लेअरचा जागचा हललाच नव्हता.

"सांगा वहिनी! सहापैकी किती बरोबर?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. चारचौघांत त्यांचं नाक कापायचं जिवावर आलं होतं. पण विचारलंच होतं.

"मी चुकीचा खटका फिरवला," त्या हळूच म्हणाल्या. "सगळा वेळ आपला जुनाच वाजत होता."

प्रोफेसरांनी मुरडलेलं नाक हळूच सरळ केलं. शेवटी घड्याळजींनी खाकरून घसा मोकळा केला. "म्हणजे डॉक्टर, तुमचा जुना एकट्याने दोघांचं काम करतो! असलं यंत्र कोणी बदलतं का?"

डॉक्टरांचा चेहरा उजळला. नवा सोमवारीच परत गेला.

शुक्रवारी पलंग आला आणि मावला तो नेमका मधल्या खुर्चीच्या जागी. आता रविवारी तिघं जण पलंगावरच्या आजींची परवानगी घेऊन पायथ्याशी अंग चोरून बसतात. पहिल्याच सुराला आजी घोरू लागतात.

"पाहिलंत?" प्रोफेसर कुजबुजतात. "आवाज टोचत नाही, याला म्हणतात पुरावा."