कमलाबेनचा चिंचोका

जयवंतरावांच्या संस्थेने वडवाळी वस्तीत सुधारणेचा कार्यक्रम राबवला आणि तो कसा झाला हे तपासायचं कामही त्यांच्याच संस्थेकडे आलं. पाठही आपली, हातही आपलाच, मग थाप चुकते कशाला? मोहनाला हे कळत होतं, पण नोकरी नवी होती. शिवाय पैसे देणाऱ्यांनी तपासणी 'लोकसहभागाने' व्हावी असं ठासून सांगितलं होतं. म्हणून चिंचोक्यांची पिशवी आणि रंगीत खडू घेऊन ती अकोट्याच्या पुलाखालच्या त्या वस्तीत उतरली.

त्या वर्षांत बडोद्यात रोज नवं काहीतरी उघडत होतं, आणि वस्तीतले पुरुष ज्या कारखान्यांत जायचे ते एकेक करून बंद होत होते. बहुतेक जण खानदेशातून आलेले. घरात मराठी, दारात गुजराती, अशी त्यांची दुसरी पिढी चालू होती.

जमिनीवर खडूने चित्रं काढायची, प्रत्येकाच्या हातावर एक चिंचोका ठेवायचा आणि ज्याला जे सर्वांत गरजेचं वाटेल त्या चित्रावर तो ठेवायला सांगायचं, अशी ही पद्धत. लिहितावाचता न येणाऱ्यालाही मत देता यावं म्हणून काढलेली. तीन वर्षांपूर्वी जयवंतरावांनी इथे हेच केलं होतं, फक्त चिंचोका घरटी एक दिला होता. घरटी म्हणजे घरच्या पुरुषाला, हे कुणी वेगळं सांगावं लागलं नाही. समाजघर जिंकलं. ते बांधून झालं, चुना लागला, दारावर जयवंतरावांच्या नावाची संगमरवरी पाटीही बसली.

आता वस्तीच्या वाट्याचे थोडे पैसे उरले होते, आणि या वेळी चिंचोके बायकांच्या हातावर ठेवायचे होते. बायकांनी 'आम्ही समाधानी' म्हटलं की कार्यक्रम यशस्वी ठरणार, आणि उरलेले पैसे बाजव्याकडच्या वस्तीला जाणार. बायकांचे संडास राहिलेत असं त्यांनी म्हटलं, तरच ते इथे होणार होते.

तपासणीच्या दिवशी सकाळी मोहना जरा लवकरच पोचली. हातात डबा घेऊन एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी नदीकडे उतरत होती. मागून शेजारीण काठी आपटत चालली होती. मुलगी अवनी, शेजारीण रसिका. काठी कशाला, असं मोहनाने विचारलं, तेव्हा रसिकाने सांगितलं की मगरीसाठी. पुलावरून पाहुण्यांना विश्वामित्री नदीतली मगर दाखवायची बडोदेकरांना भारी हौस, पण पुलाखाली राहणाऱ्यांना ती हौस परवडत नाही. अवनीची आई कमला मागच्या पावसाळ्यात अशीच डबा घेऊन गेली होती. डबा काठावर सापडला, कमला सापडली नाही.

परतताना रसिका आणखी एक सांगून गेली. त्या पहिल्या वेळी कमलाबेनने चिंचोक्यासाठी हात पुढे केला होता. घरटी एकच, ताई, असं म्हणून साहेब पुढे गेले. तरी ती हात तसाच धरून बसली होती. तिच्या नवऱ्याने, संपतरावने, घरचा चिंचोका समाजघरावर ठेवला.

दुपारी समाजघरात बायका जमल्या. मोहनाने फरशीवर खडूने तीन चित्रं काढली होती, बांधून झालेलं समाजघर, रस्त्यावरचे दिवे आणि संडास. जयवंतराव खुर्चीत चहा पीत बसले होते. पुरुषांनी बाहेर थांबावं असं ठरलं होतं, ते ओट्यावरच थांबले. म्हणजे आतला शब्द न् शब्द त्यांच्या कानी पडणार. संपतराव दाराच्या चौकटीला टेकला होता.

बायका अठरा, म्हणून मोहनाने अठरा चिंचोके मोजून घेतले आणि खाली बघत, तळहातांवर ठेवत गेली. भिंतीकडेचा शेवटचा हात ओला होता, गार होता. भांडी घासून तशीच उठून आली असेल, असं तिच्या मनात आलं.

बायकांनी एकमेकींकडे पाहत, ओट्याकडे कान ठेवून, चिंचोके समाजघरावर आणि दिव्यांवर ठेवले. 'बधं बराबर आहे बेन,' सगळं ठीक आहे, असं कुणीतरी म्हणालंही. संडासाच्या चित्रावर मात्र एक चिंचोका पडला होता. ओला. त्याच्याखाली खडू विरघळला होता.

मोहनाने मोजले तर एकोणीस भरले. जयवंतरावांनी पुन्हा घ्यायला सांगितलं. या वेळी ती चेहरे पाहत फिरली. भिंतीपाशी कुणीच नव्हतं, नुसती ओल होती. तरी पुन्हा एकोणीस, आणि एकोणिसावा तिथेच, तसाच.

"एक जास्तीचा आलाय, उचलून टाक," जयवंतराव म्हणाले. "अशी चूक होते."

मोहना वाकली. चिंचोक्याला नदीच्या गाळाचा वास होता. तिची बोटं पुढे जाईनात.

"राहू दे ना, बेन," रसिकाशेजारी बसलेली अवनी हळूच म्हणाली. "किती दिवसांची ती हात धरून बसलीये."

आई नसलेल्या लेकीने हे इतक्या साधेपणाने सांगितलं की कुणाला रडूही आलं नाही. बायकांपैकी एकीनेही मान वळवून भिंतीकडे पाहिलं नाही, म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. रसिका उठली. तिने आपला चिंचोका समाजघरावरून उचलून त्या ओल्या चिंचोक्याशेजारी ठेवला. मग दुसरी उठली. ओट्यावरून कुणीतरी खाकरलं, तशी तिसरी थबकली, पण उठलीच. शेवटी दोनच चिंचोके दिव्यांवर राहिले.

एकदा ठेवलेला चिंचोका हलवता येत नाही, असा नियम जयवंतरावांनी काढला. मोहनाने तो ऐकला आणि त्यांच्यासमोरच कागदावर लिहिलं की पहिली गरज संडास, हजर बायका एकोणीस. अठराच ना, असं त्यांनी विचारलं. तिने कागद तसाच सहीसाठी पुढे केला. भिंतीची ओल आता फरशीवरून त्यांच्या खुर्चीपर्यंत आली होती. त्यांनी पाय वर घेतले आणि सही केली.

तेवढ्यात संपतराव चपला काढून आत आला.

"साहेब, माझा तेव्हाचा चिंचोका परत घेता येईल का?"

मोहनाने पिशवीत हात घातला आणि एक चिंचोका त्याच्या तळहातावर ठेवला. तो चित्रांकडे गेलाच नाही. भिंतीपाशी जाऊन उकिडवा बसला, आणि ओल्या फरशीवर, जिथे कुणाचा हात असायला हवा होता तिथे, चिंचोका ठेवला.

"हा तुझा होता," तो म्हणाला.