खिडकीजवळची खाट

राजधानी फुगत फुगत आमच्या गावाच्या वेशीवर आली, शेतांवर मजल्यावर मजले चढले, आणि गावाला भाषेचं वेड लागलं. राजधानीत दोन भाषा चालतात. आमच्याकडे एकच चालायची. नवे लोक दुसरी घेऊन आले. मग नगरपालिकेने फतवा काढला: वृद्धाश्रमातली खाट आपली भाषा बोलणाऱ्यालाच. आत दुसरी भाषा बोलताना नर्स जरी सापडली, तरी तिला नारळ. या फतव्यासाठी मोर्चात घसा फोडून ओरडणाऱ्यांत माझा नवरा पुढे होता. बस चालवतो तो, आवाज दांडगा.

आणि नेमका त्याच्याच आईला अर्धांगाचा झटका आला.

सासूबाई राजधानीतून लग्न होऊन आलेल्या. जन्मभर आमच्या भाषेत माझी उणीदुणी काढली. झटक्याने ती भाषाच पुसून टाकली. उरली फक्त माहेरची, ती दुसरी. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी.

मी बेकरीत पहाटपाळीला, नवरा बसवर. घरी त्यांना उचलणार कोण? त्याने वृद्धाश्रमात सांगितलं, आईची वाचाच गेलीय. खिडकीजवळची खाट मिळाली. तिथे नेण्याच्या आदल्या दिवशी तो त्यांच्यासमोर बसला आणि त्यांच्या माहेरच्या भाषेत बोलला. इतक्या वर्षांत ती त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकली.

"काय सांगितलंत त्यांना?"

"तोंड उघडायचं नाही म्हटलं. एक शब्द गेला की खाट गेली."

"अहो, काही दुखलं-खुपलं तर?"

"बोटाने दाखवेल की! आणि मी जाणारच आहे ना अधूनमधून."

जन्मात कुणाचं न ऐकलेल्या बाईने या मेल्याचं तेवढं ऐकलं. मी गेले की माझा हात पोटावर ओढून घ्यायच्या, दाराकडे बघायच्या आणि ओठ घट्ट मिटायच्या. मी नर्सला सांगितलं. तिने पाचक दिलं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून फिरणारी, मायाळू बाई. ती तरी काय करणार?

आतड्याला पीळ पडला होता. कळलं तेव्हा उशीर झाला होता.

आम्ही पोचलो, तर नर्स त्यांचे केस सारखे करत होती. "फार शांत होत्या हो," ती म्हणाली. "कधी कण्हल्यासुद्धा नाहीत."

मग तिने दार लोटून घेतलं, सासूबाईंच्या कानाशी वाकली आणि हळूच काहीतरी पुटपुटली. माझा नवरा दचकून तिच्याकडे वळला.

"काय म्हणाली ती?" मी त्याला हलवलं.

"म्हणाली, आई, मला नुसतं सांगायचं होतंत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तुम्हाला येते ही भाषा?" मी नर्सवर ओरडले.

तिने आधी दाराकडे पाहिलं. अगदी सासूबाई बघायच्या तसं.

"कुठली भाषा?" ती आमच्या भाषेत म्हणाली, आणि चादर सासूबाईंच्या तोंडावर ओढून खाट रिकामी करायची तयारी करू लागली.